मीटर नादुरुस्त

माझं विमान काल संध्याकाळी नादुरुस्त ठरलं. ते कधी उडालं नव्हतं आणि उडणारही नव्हतं. प्लॅस्टिकचं आहे, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेपंधरा सेंटिमीटर. तरी ठरलं. ठरवणारे आमचे सासरे.

सासऱ्यांची सगळी नोकरी विजेच्या मीटरांचं रीडिंग घेण्यात गेली. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून मला वेड्यात काढता येणार नाही.

विमान स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान; माझं त्याचं सुटे भाग जोडून करायचं मॉडेल, १/७२ मापाचं. खऱ्या विमानात वैमानिकासमोरच्या मुख्य तबकड्या आठेक सेंटिमीटरच्या असतात. त्यांना ७२ ने भागलं की हातात १.१ मिलिमीटर उरतात. टाचणीचं डोकं त्यापेक्षा ऐसपैस. अशा सहा तबकड्या, तीन वर आणि तीन खाली. वेगमापक, कृत्रिम क्षितिज, चढ-उताराचा वेग दाखवणारी. खाली उंचीमापक, दिशादर्शक आणि वळण-घसरण सांगणारी. प्रत्येकीत काटा. किटच्या सूचनापत्रात या सगळ्यासाठी एक बाण काढलेला असतो आणि बाणाच्या शेपटीला रंगाचा एक क्रमांक. बस. सूचनापत्र लिहिणाऱ्या माणसानं आयुष्यात कधी ब्रश धरलेला नसावा, किंवा धरला असेल तर भिंतीला लावायचा.

हे काम कसं चालतं ते सांगतो. तबकडीवर आधी पांढरा ठिपका द्यायचा. तो सुकला की वर काळा. काळा पुरता कडक व्हायच्या आत सुईच्या टोकानं इतकंच खरवडायचं की खालचा पांढरा केसभर दिसावा. तो झाला काटा. वर चकचकीत वार्निशचा एक थेंब, ती झाली काच. ऐकायला सोपं आहे. पण ट्रिपल झिरोच्या, म्हणजे अगदी बारीक, ब्रशवर रंग इतका कमी मावतो की बाटलीपासून तबकडीपर्यंत येईतो तो टोकावरच वाळतो. पातळ करावा, तर थेंब पसरून शेजारच्या दोन तबकड्या गिळतो. श्वास रोखला तर छातीतले ठोके बोटांपर्यंत येतात. चाळिशीनंतर चष्मा लावला तर लांबचं दिसत नाही, काढला तर जवळचं दिसत नाही, आणि कॉकपिट नेमकं या दोहोंच्या मधल्या ओसाड प्रदेशात असतं.

नऊ संध्याकाळी गेल्या. आतल्या भिंतींना करडा-हिरवा रंग, आसन विटकरी तपकिरी (बऱ्याच स्पिटफायरमध्ये आसन धातूचं नसून दाबलेल्या राळेचं असे, म्हणून तो रंग), कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर फिकट करडा. विमान चालवायच्या दांड्याच्या गोल कडीवर मशीनगनचं बटणसुद्धा. दहाव्या संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले.

"जावईबापू, हे मीटर कसले?"

आजवर घरी येणारा प्रत्येक जण "उडतं का?" किंवा "एवढा वेळ मिळतो कसा?" विचारून गेलेला. मीटर कसले हे विचारणारा पहिला माणूस. मी विरघळलो. स्वतःच्या हातानं त्यांना भिंग दिलं. ही चूक माझी, कबूल.

बाबांनी भिंग धरलं, मान तिरकी केली, एक डोळा मिटला. पंचेचाळीस सेकंद कुणी बोललं नाही.

"हा वेगाचा ना?"

"हो."

"विमान उभं आहे?"

"हो, चाकांवर. शेल्फवर ठेवायचंय."

"मग काटा दोनाच्या अंगाला कसा?"

मी म्हटलं, बाबा, तो आपला असाच, शोभेला.

"शोभेला!" भिंग खाली आलं. "मीटरचा काटा शोभेला नसतो, जावईबापू. उभ्या विमानाला वेग दाखवतोय म्हणजे एक तर विमान खोटं बोलतंय, नाही तर मीटर. विमान तर मला समोर उभं दिसतंय."

यावर काय बोलावं? सासरे आहेत. मेहुणा असता तर भिंग काढून घेतलं असतं.

"बरं, हा उंचीचा. हा काय म्हणतो? जमिनीवर आहे ना आपण? आणि हे मधलं क्षितिज बघा. कललंय!"

इथे मात्र मी उसळलो. क्षितिज कललं होतं माझा हात हलल्यामुळे, पण ते त्यांना सांगायची गरज नव्हती. म्हटलं, बाबा, त्यात गरगर फिरणारा भोवरा असतो, इंजिन बंद पडलं की तो थांबतो आणि क्षितिज वाटेल तिकडे कलतं. उभ्या विमानात ते कललेलंच बरोबर.

बाबांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे एक बरोबर, पाच चूक," असं म्हणून त्यांनी खिशातून पेन काढलं आणि किटच्या खोक्याच्या झाकणावर, विमानाच्या चित्राच्या बरोबर पोटात, सुवाच्य अक्षरात लिहिलं: मीटर नादुरुस्त. खाली तारीख आणि सही.

मग नोकरीतले किस्से निघाले. कुत्री, जिने, अंधारी बोळं. घराला कुलूप दिसलं की इतर लोक सरासरी रीडिंग टाकून पुढे जात. बाबांनी उभ्या नोकरीत एकदाही सरासरी टाकली नाही, पुन्हा पुन्हा जाऊन दार वाजवलं. सगळं ऐकताना ही कौतुकानं वडलांकडे बघत होती. माझ्या सहा तबकड्यांकडे तिनं नऊ दिवसांत एकदा पाहिलं होतं, तेही "टेबल कधी रिकामं होणार?" हे विचारायला. तासन्‌तास फोनवर अंगठा सरकवणाऱ्याला या घरात कुणी हटकत नाही. माणूस हातानं काही करायला बसला की मात्र त्याला हिशेब मागायला सगळे हजर. असो. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

रात्री सगळे झोपल्यावर मी दिवा लावला. लाज वाटते, पण लावला. वेगमापकाचा काटा काळ्यानं बुजवला आणि सुईनं शून्यावर पुन्हा खरवडला. उंचीमापकाचाही. दीड वाजला. क्षितिजाला हात लावला नाही.

मग धडाचे दोन अर्धे जोडले आणि त्या तिरीमिरीतच कॉकपिटवरचं पारदर्शक झाकणही बसवून टाकलं. झाकणाला साधा पांढरा गोंद लावायचा असतो. हाताला लागली ती झटपट चिकटणाऱ्या गोंदाची बाटली. तिची वाफ आतल्या आत कोंडते आणि काचेवर पांढरट साय धरते. हे मला माहीत होतं. पंधरा वर्षांपासून माहीत होतं.

सकाळी बाबा भिंग घेऊन आले. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, बघा आता, सगळं शून्यावर आहे. त्यांनी विमान उचललं, उजेडाकडे धरलं, या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. धुक्यापलीकडे काहीतरी हिरवट होतं, तेवढंच.

बाबांनी खोका ओढला, पेन काढलं आणि कालच्या शेऱ्याखाली लिहिलं: दार बंद. सरासरी धरावी.