अरे, गोट शे ती!

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी आली त्याच दिवशी वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण तुमचं म्हणणं दोन ओळींत उडवून लावण्यासारखं नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेल्या महिन्यात वाचलेल्या भयकथा आणि अद्भुतकथांवर मी भरभरून लिहिलं होतं. तुम्ही धडगावकडच्या आश्रमशाळेत बरीच वर्षं शिकवलंत. तुम्ही लिहिलंत, ‘आमच्याकडे अजूनही एखाद्या बाईला डाकीण ठरवून घराबाहेर काढतात. तुम्ही अमळनेरला पंख्याखाली बसून हडळींची पुस्तकं चवीनं वाचता आणि वर लोकांना वाचायला सांगता. हे खतपाणी घालणं नाही तर काय?’ दुसरं, काफ्काची ती किड्याची गोष्ट तुम्हाला किळसवाणी वाटली, आणि भोवती एवढी दुःखं असताना मुद्दाम अंधार कशाला वाचायचा, असं तुम्ही विचारलंत. तिसरं, मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचं नाव नाही, त्याला घडवणाऱ्याचं आहे.

तिसरं आधी मिटवतो. तुमचं बरोबर आहे, मी चुकलो. मेरी शेलीनं त्या जिवाला नावच दिलेलं नाही. दुरुस्ती केली आहे. पण ही चूक मला फार लागली, ती का ते पुढे येईलच.

आता डाकिणीचं. ताई, मी नऊ वर्षांचा असताना आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, अंगणात एक कडुनिंब. एका घरची म्हैस अचानक आटली. आदल्या संध्याकाळी म्हातारी ताक मागायला गेली होती आणि तिनं म्हशीच्या कासेकडे पाहिलं, एवढं कुणीतरी बोललं. तिला कुणी मारलं नाही, गावाबाहेरही काढलं नाही. फक्त ती हापशावर आली की बायका आपापले हंडे बाजूला ओढून घ्यायच्या. मग ती भर दुपारी पाण्याला यायला लागली. मे महिन्यातली आमची दुपार तुम्हाला माहीत आहे, हापशाच्या दांड्याला हात लावला तर पोळतो. आम्ही पोरं ‘हडळ आली, हडळ आली’ म्हणत पळायचो. त्यात मीही होतो. त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिनं मला हाक मारून फडक्यात बांधलेल्या दोन सांजोऱ्या दिल्या. मी त्या घेतल्या आणि कोपऱ्यावर जाऊन गटारीत टाकल्या. ते फडकं निळ्या काठाचं होतं, अजून डोळ्यासमोर आहे.

त्या गल्लीत भयकथेचं एकही पुस्तक नव्हतं. पंचांग आणि एखाद-दुसरी पोथी, एवढंच छापील. मग ‘हडळ’ आमच्या तोंडी आली कुठून? मोठ्यांच्या बोलण्यातून आली, आणि ते तिला खरी बातमी म्हणून सांगत होते. म्हैस आटली, अमकीनं पाहिलं, झालं.

त्याच उन्हाळ्यात रात्री आम्ही धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपायचो आणि आजी गोष्टी सांगायची. मुंजा, चकवा, पाय उलटे असलेली बाई, सगळं असायचं. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, म्हणून रात्रीच. आणि तिचा एक नियम कडक होता, हुंकारा द्यायचा. प्रत्येक वाक्याला कुणीतरी ‘हूं’ म्हणायलाच हवं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. एखादं पोरगं भिऊन तिच्या पदराला बिलगलं की ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, ‘अरे, गोट शे ती!’

‘गोट शे ती’, म्हणजे गोष्ट आहे ती. मला वाटतं, सगळा फरक या तीन शब्दांत आहे. आजीनं कधी गोष्टीतल्या बाईला गल्लीतल्या घराचा पत्ता दिला नाही. ऐकणाऱ्याच्या हुंकाऱ्याशिवाय ती पुढे गेली नाही, आणि ही गोष्ट आहे हे कबूल केल्याशिवाय तिनं आम्हाला झोपवलं नाही. हापशावरच्या बायकांनी यातलं काहीच केलं नव्हतं. त्यांनी सांगितलेली गोष्टच होती, पण गोष्ट आहे हे कुणी म्हणतच नव्हतं.

कायद्यानंही नेमकं तिथेच बोट ठेवलंय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत, अमकी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवते असं सांगून तिच्याबद्दल संशय निर्माण करणं हा गुन्हा म्हणून घातला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ते कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हशीचं दूध बघून कितीतरी वेळ पुढे वाचता आलं नाही. आमच्या गल्लीतली गोष्ट शासनाच्या कागदावर होती.

आता तो बिननावाचा राक्षस. मेरी शेलीनं ही कादंबरी १८१६ मध्ये लिहायला घेतली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १८१८ मध्ये ती छापून आली. सिनेमांमुळे आपल्या डोक्यात मानेत खिळे ठोकलेला एक मुका रेडा बसलाय. पुस्तकात तो बोलतो, आणि फार सुंदर बोलतो. त्याला घडवणारा त्याचा चेहरा बघून पळून जातो. मग तो एका कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या आडोशात लपून राहतो. भिंतीच्या फटीतून त्यांना बघत बघत बोलायला शिकतो. रात्री त्यांच्यासाठी गुपचूप सरपण गोळा करून ठेवतो. शेवटी धीर करून, घरातले सगळे बाहेर गेलेले बघून, तो आत जातो, कारण घरातला म्हातारा आंधळा आहे. आंधळा म्हातारा त्याच्याशी नीट बोलतो, त्याला बसवून घेतो. बाकीचे परत येतात. मुलगा काठी घेऊन त्याच्यावर तुटून पडतो.

ताई, त्या काठीपाशी मी पुस्तक मिटलं. मला तो आडोसा आठवला नाही, मला कडुनिंबाचं अंगण आठवलं. सरपणाच्या जागी निळ्या काठाचं फडकं आठवलं. त्या म्हातारीला मी आयुष्यभर बाहेरून पाहिलं होतं. तिच्या जागी बसून गल्लीकडे बघायला मला एका इंग्रज मुलीच्या राक्षसानं शिकवलं, तेही वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. अंधश्रद्धेवरची भाषणं मी शाळेपासून ऐकली होती, मनापासून पटलीही होती. पण त्यांच्यातून त्या सांजोऱ्या कधी वर आल्या नव्हत्या.

आणि त्याच कादंबरीत जस्टीन आहे. फ्रँकेन्स्टाइनच्या घरात वाढलेली मोलकरीण. घरातल्या लहान मुलाचा खून होतो, त्याच्या गळ्यातली तसबीर जस्टीनच्या खिशात सापडते. ती तिथे कुणी ठेवली हे आपल्याला पुढे कळतं. ती निर्दोष आहे, तरी गुन्हा कबूल करते. का, तर पापनिवेदन ऐकणारा पाद्री तिला नरकाच्या धमक्या देत राहतो, इतका की तो म्हणतो तशी राक्षसीण आपण खरंच आहोत की काय, असं तिला वाटायला लागतं. तिला फासावर देतात. भगतानं दाणे टाकून नाव काढलं आणि ती बाई स्वतःच म्हणाली ‘हो, मीच’, असं एक उदाहरण तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या या प्रकरणात ती बाई आहे. मी तुम्हाला हे पुस्तक वाचा म्हणतोय ते करमणूक म्हणून नाही. तुम्ही ज्या बायकांसाठी भांडलात, त्यांच्या बाजूनं लिहिलेलं हे पुस्तक आहे.

तरी तुमचा राग पूर्ण चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या यादीत एक नवा मराठी कथासंग्रह होता, लेखकाचं पहिलंच पुस्तक आहे म्हणून नाव पुन्हा घेत नाही. त्यातल्या शेवटच्या कथेत गावाबाहेर राहणारी एक विधवा खरोखरच चेटकीण निघते आणि गावकरी तिचं घर जाळतात, तेव्हा वाचणाऱ्याला सुटल्यासारखं वाटावं अशी रचना आहे. मी तिथल्या वातावरणाचं कौतुक केलं, घुबडाच्या वर्णनाचं केलं, आणि पुढे गेलो. तुमची प्रतिक्रिया वाचून ती कथा पुन्हा वाचली. ती वाईट आहे. भीती जमली आहे म्हणून ती कथा माफ होत नाही. त्या आगीच्या वेळी लेखकानं मला जाळणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं आणि मी उभा राहिलो. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. आपल्या भयकथेत बाधा करणारी बहुतेक वेळा बाईच का असते, तीही म्हातारी, एकटी, नाहीतर बाळंतपणात गेलेली, हा प्रश्न आपण वाचकांनी लेखकांना विचारलाच पाहिजे. नारायण धारप मला प्रिय आहेत, शाळेपासून आहेत. ‘समर्थ’ हे त्यांचं पात्र असलेल्या कथांमध्ये अघोरी शक्तीपुढे ठाम उभा राहणारा, निर्लोभी जाणकार असतो आणि वाचताना त्याचा आधार वाटतो. पण आपल्या गावांत ‘जाणकार’ म्हणवणारा तसा नसतो. तो कोंबडं आणि पैसे घेतो आणि एका बाईचं नाव सांगतो. हे ठाऊक असताना ती पुस्तकं वाचायची. मी ती वाचत राहणार आहे, एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगतो.

काफ्काबद्दल थोडंच. किळस येते हे खरं, ती यावी म्हणूनच आहे. पण तो किडा दिसतो कसा यावर अडकू नका. १९१५ मध्ये ती कथा छापली जात असताना काफ्कानं प्रकाशकाला मुद्दाम कळवलं होतं, मुखपृष्ठावर तो किडा काढू नका. कथेचा नायक ग्रेगोर सकाळी किडा होऊन जागा होतो आणि त्याला पहिली काळजी कसली वाटते? पाचची गाडी चुकली. गजर चारचा लावला होता, साडेसहा वाजले, साहेब काय म्हणेल. घरातला एकटा कमावता माणूस. ज्या दिवशी त्याची कमाई थांबते, त्या दिवसापासून घरच्यांची नजर हळूहळू कशी बदलते, बापानं मारलेलं सफरचंद पाठीत रुतून कुजत राहतं तरी ते काढायला कुणी कसं पुढे येत नाही, एवढीच गोष्ट आहे. अर्धांगवायू झालेला कर्ता माणूस मागच्या खोलीत खाटेवर पडलेलं घर तुम्हीही पाहिलं असेल. मी पाहिलंय.

आणि अंधार कशाला वाचायचा? मला याचं शास्त्रशुद्ध उत्तर देता येत नाही. एवढं सांगतो, की हे लिहिणारे सुखवस्तू घरात बसून भुतं रचत होते, हा समज खरा नाही. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याच्या राखेनं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, माणसं उपाशी राहिली. जिनिव्हाजवळ त्या न थांबणाऱ्या पावसात घरात कोंडलेल्या चौघा-पाच जणांनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं, त्यातून मेरीची कादंबरी निघाली. त्याच्या आदल्या वर्षी तिची दिवस न भरता जन्मलेली मुलगी गेली होती. तिनं रोजनिशीत लिहून ठेवलंय, की बाळ पुन्हा जिवंत झाल्याचं स्वप्न पडलं, ते नुसतं गारठलं होतं, आम्ही त्याला शेकोटीपुढे चोळलं आणि ते जगलं. मेलेल्यात जीव ओतणाऱ्या माणसाची गोष्ट तिला का सुचली, हे यानंतर कुणी वेगळं सांगायला नको. एका वादळात रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या झालेल्या बघणाऱ्या आपल्या लोकांना हा अंधार परका वाटू नये.

परका म्हटलं म्हणून एक राहिलं. तुम्ही जाता जाता लिहिलंत, ‘हे सगळं बाहेरचं, आपल्या मातीत काय आहे?’ ताई, तुम्ही तर अस्तंब्याच्या पायथ्याशी राहिलात! धनत्रयोदशीला तळोद्याहून पोरं डोंगर चढतात ते कुणासाठी? अश्वत्थाम्यासाठी. कपाळाच्या जखमेवर घालायला तेल मागत सातपुड्यात भटकणारा, वाट चुकलेल्याला वाट दाखवणारा. असीरगडावरही लोक त्याचं येणं-जाणं सांगतात. महाभारताचं दहावं पर्व उघडा. हरलेला अश्वत्थामा रात्री वडाखाली जागा आहे. फांद्यांवर कावळे झोपलेत. एक घुबड आवाज न करता येतं आणि झोपलेल्या कावळ्यांना मारत सुटतं. कुणाचे पंख तुटलेत, कुणाची मान, वडाखाली खच पडतो. तो ते शांतपणे बघतो आणि त्याला सुचतं, झोपलेल्यांना मारायचं. यापेक्षा काळं पान मी कुठल्याच भाषेत वाचलेलं नाही. मग शाप, तीन हजार वर्षं, अंगाला रक्तपुवाचा वास, सोबतीला कुणी नाही, बोलायला कुणी नाही.

दिवाळीच्या पहाटे आमच्या डोक्याला तेल लावण्याआधी आजी वाटीत बोट बुडवून तेलाचे थेंब जमिनीवर टाकायची. अश्वत्थाम्याला. मी एकदा विचारलं होतं, त्यानं तर झोपलेली पोरं मारली, मग त्याला तेल कशाला? ती म्हणाली, ‘दुखत असेल ना त्याला.’ आणि माझं डोकं चोळायला लागली. म्हातारीच्या सांजोऱ्या गटारीत गेल्याचं मी आजीला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती मला घेऊन त्या अंगणात गेली असती.

मूळ लेखात त्या कथासंग्रहाचा परिच्छेद मी बदलला आहे, जुना मजकूरही खाली तसाच ठेवला आहे, म्हणजे काय बदललं ते दिसेल. तुम्ही डाकिणीच्या ज्या दोन घटना लिहिल्यात, त्यांवर तुम्ही स्वतः सविस्तर लिहिणार असाल तर मला फार हवंय. बायकांची नावं-गावं बदलून लिहा. यंदा धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी तळोद्यात असेन. भेटलात तर ‘फ्रँकेन्स्टाइन’ची माझी प्रत देतो, आंधळ्या म्हाताऱ्याच्या पानावर खूण घालून.