'सुटाबुटातलं रॅगिंग': एका काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

अमेरिकेतल्या कॉलेजांमधल्या बिझनेस फ्रॅटर्निटींबद्दल, म्हणजे बिझनेस शिकणाऱ्या मुलामुलींच्या सदस्य-संघटनांबद्दल, मी लिहिलं होतं, त्यावर तुमची प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आली. 'आपल्या मताचा आदर आहे' एवढं लिहून सुटका करून घेणं काही जमेना, म्हणून हे लांबलचक उत्तर. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. काका नाशिकचे, सगळं आयुष्य सीएची प्रॅक्टिस केलेले. त्यांची पुतणी इंडियानात पहिल्या वर्षाला आहे आणि तिला अशाच एका संघटनेची 'बिड', म्हणजे सदस्य होण्याचं बोलावणं आलंय. काकांचं म्हणणं असं: हा पैसे भरून मित्र विकत घेण्याचा प्रकार आहे. प्लेजिंग, म्हणजे पक्कं सदस्य होण्याआधीचा उमेदवारीचा काळ, हे सुटाबुटातलं रॅगिंग. पुढे नोकऱ्या लागतात त्या वशिल्याने. आणि शिकायला पाठवलेल्या पोरीने आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ब्लेझर चढवून हिंडावं, हे पटत नाही. शेवटी, 'तू स्वतः त्यातली, म्हणून तुला ते गोड लागतं.'

वशिल्यापासून सुरुवात करते. तुमचा खरा राग तिथेच आहे असं मला वाटलं.

मी पहिल्या वर्षाला असताना आमच्या चॅप्टरमधली, म्हणजे संघटनेच्या कॉलेजातल्या शाखेतली, एक सीनियर माझा रेझ्युमे घेऊन बसली. दोन पानी होता. दहावी-बारावीचे टक्के, जन्मतारीख, वडिलांचं नाव, कोपऱ्यात पासपोर्ट साइझ फोटो आणि तळाला 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' असं सही-दिनांकासकट प्रतिज्ञापत्र. तिने सगळ्यावर काट मारली आणि एका पानात काय उरतं ते दाखवलं. मग सांगितलं की मोठ्या अकाउंटिंग फर्म उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी मुलं वर्षभर आधीच हेरून ठेवतात, इन्व्हेस्टमेंट बँकांचं तर त्याहून लवकर, दुसऱ्या वर्षातच सुरू होतं, आणि तिसऱ्या वर्षी जाग आलेल्याच्या हाताला फारसं काही लागत नाही. करिअर फेअरला रांगेत उभं राहून कागद देणं हा सोहळ्याचा शेवट असतो, त्याआधी त्या फर्मच्या दोघा-तिघांशी बोलणं झालेलं असावं लागतं, हेही तिच्याकडूनच कळलं. यातलं एक अक्षर कुठल्या अभ्यासक्रमात नाही. ज्याचा बाप एखाद्या फर्ममध्ये पार्टनर आहे त्याला हे जेवता जेवता कानावर पडतं. माझे बाबा दिंडोरीला ठिबकचे पाइप विकतात. द्राक्षाचा हंगाम उलगडल्यावर कोणता शेतकरी उधारी चुकती करेल आणि कोणता टोपी घालेल हे ते तोंडपाठ सांगतील, पण शिकागोतली ऑडिट फर्म मुलं कधी निवडते हे त्यांनी कुठून सांगावं?

नोकरी मला त्या सीनियरने दिली नाही. मुलाखती मीच दिल्या, त्यातल्या काहींत सपशेल आपटलेही.

तुम्ही आर्टिकलशिपचा, म्हणजे सीए होताना फर्ममध्ये करावी लागते त्या उमेदवारीचा, दाखला दिलात. 'आम्ही तीन वर्षं सरांच्या ऑफिसात घासली, सूटबूट घालून नेटवर्किंग केलं नाही.' मान्य. पण त्या तीन वर्षांत व्हाउचिंग (नोंदी बिलांशी ताडून बघणं) कसं करायचं, पार्टीच्या अकाउंटंटला न दुखावता त्याच्याकडून हरवलेलं बिल कसं काढून घ्यायचं, सर चिडले असताना कोणत्या वेळी सहीला फाइल न्यायची, हे कुणी शिकवलं? वरच्या आर्टिकल्सनीच ना? आणि त्या फर्ममध्ये जागा कशी मिळाली तेही तुम्हीच लिहिलंय, 'ओळखीतल्या एका सरांकडे.' मी याला वशिला म्हणत नाही. तुम्हीही म्हणत नसणार.

अमेरिकेत अकाउंटिंगच्या पदवीला असताना अशी सक्तीची आर्टिकलशिप नसते. सीपीए, म्हणजे तिथला सीए, होण्यासाठी बहुतेक राज्यांत वर्षानुवर्षं १५० क्रेडिटची अट होती (अलीकडे बरीच राज्यं ती सैल करताहेत) आणि चार वर्षांची पदवी साधारण १२० ची. कामाचा अनुभव लागतो, पण तो पदवीनंतर गोळा केला तरी चालतो. म्हणजे चार वर्षांत ऑफिस आतून बघायची संधी काय ती मधल्या उन्हाळ्यांत, आणि तीही लढून मिळवावी लागते. वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांना ऑफिसची रीत दाखवायची जी सोय तुमच्याकडे फर्ममध्येच होती, ती इथे पोरांनी आपली आपण केली आहे. ओबडधोबड आहे, पण मुळात ती त्यासाठीच आहे.

याची सुरुवातही श्रीमंतांच्या क्लबात झालेली नाही. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं कॉमर्स स्कूल १९०० साली निघालं. दिवसा कचेरीत काम आणि संध्याकाळी वर्ग, अशी मुलं तिथे यायची. त्यांच्यातल्या दहा जणांनी १९०४ साली अल्फा काप्पा साय ही बिझनेस फ्रॅटर्निटी काढली. त्यातले चौघे ब्रुकलिनचे. वर्ग सुटला की ते बरोबर घरी परतायचे, ब्रुकलिन ब्रिजवरून चालत, आणि कल्पना त्या वाटेवरच्या गप्पांतून निघाली असं सांगतात. १९०७ साली त्याच कॉलेजात डेल्टा सिग्मा पाय निघाली. (एका गल्लीत दुसरं गणपती मंडळ निघायला तीन वर्षं जरा जास्तच झाली, पण असो.) बायकांना मात्र या दोन्हींत शिरकाव नव्हता. त्यांनी १९२४ मध्ये फाय काय थीटा आणि फाय गॅमा नू अशा स्वतःच्या संघटना काढल्या. पुढे १९७२ साली शिक्षणात लिंगभेद करायला बंदी घालणारा कायदा आला. १९७४ मध्ये फ्रॅटर्निटींपैकी त्यातून सूट मिळाली ती फक्त सोशल फ्रॅटर्निटींना, म्हणजे सिनेमात दिसतात त्या बंगले, पार्ट्या आणि बिअरवाल्यांना. धंद्या-व्यवसायाच्या संघटनांना मिळाली नाही. त्यामुळे डेल्टा सिग्मा पायने १९७५ मध्ये आणि अल्फा काप्पा सायने १९७६ मध्ये मुलींना दार उघडलं. तुमच्या पुतणीला बोलावणं आलंय ते या दुसऱ्या जातीच्या संघटनेचं. यांचा बहुधा बंगला नसतो, बैठका कॉलेजच्या वर्गात होतात आणि मुलं-मुली एकत्र असतात. तुमची निम्मी काळजी चुकीच्या पत्त्यावर गेली आहे.

उरलेली निम्मी मात्र खरी आहे, आणि 'गोड लागतं' म्हणालात म्हणून ती जरा सविस्तर लिहिते.

वशिला शोधायचाच तर तो नोकरीच्या टोकाला शोधू नका, प्रवेशाच्या टोकाला शोधा. रश म्हणजे काही संध्याकाळी मुलांनी येऊन सदस्यांशी गप्पा मारायच्या, मग मुलाखत. त्यानंतर सगळे सदस्य रात्री एका वर्गात बसतात, पडद्यावर एकेकाचा फोटो येतो, चर्चा होते, मतदान होतं. मी या बैठकांना बरीच वर्षं बसले आहे. तिथे सगळ्यात जास्त ऐकू येणारे दोन शब्द म्हणजे 'पॉलिश्ड' आणि 'फिट'. हाय-हॅलो करताना अडखळणारी, नजर चुकवणारी, आईवडील दुकान चालवतात असं खालच्या आवाजात सांगणारी पोरगी 'फिट' वाटत नाही. बँकरचा मुलगा, ज्याने पहिली इंटर्नशिप बापाच्या मित्राकडे आधीच उरकली आहे, तो पाच मिनिटांत एकमताने आत. ज्यांना ऑफिसची रीत कुणीतरी शिकवायला हवी, त्यांनाच ती येत नाही म्हणून बाहेर ठेवायचं. नावाजलेल्या विद्यापीठांत शंभरावर अर्ज आणि वीस-पंचवीस जागा असल्या की हे फारच उघडं होतं. माझ्यासाठी त्या रात्री एका बाईने हट्टाने हात वर केला म्हणून मी आत गेले, हे मला नंतर कळलं. तिनेच पुढे माझ्या रेझ्युमेवर काट मारली. अशी एखादी बाई किंवा बुवा प्रत्येक चॅप्टरमध्ये असतोच असं नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मला ती पैशांपेक्षा आणि वेळेपेक्षा मोठी वाटते. दुसरं वर्ष संपेपर्यंत चॅप्टरमधल्या झाडून सगळ्यांना एकच काहीतरी हवं असायला लागतं. कन्सल्टिंग, नाहीतर बँकिंग. पहिल्या वर्षी ज्याला लॉजिस्टिक्समध्ये रस होता, जिला शाळेत अर्थशास्त्र शिकवायचं होतं, ते सगळे मंगळवारी रात्री केस इंटरव्ह्यूचा, म्हणजे कन्सल्टिंग फर्मच्या मुलाखतीचा, सराव करताना दिसतात. कुणी जबरदस्ती करत नाही. फक्त ग्रुपवर कुणाची ऑफर आली की टाळ्या कुठल्या फर्मला जास्त पडतात, ते रोज दिसत राहतं. ती अर्थशास्त्रवाली माझी जवळची मैत्रीण. आज ती कन्सल्टिंगमध्ये आहे आणि मजेत आहे, त्यामुळे तिचं उदाहरण तुमच्याही कामाचं नाही आणि माझ्याही. पण शिकवण्याचा विचार तिने कधी सोडला असं विचारलं तर तिला तो दिवस सांगता येत नाही.

आता रॅगिंग. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, तेव्हा तो शब्द तुम्ही सहज वापरला नसणार. आमच्याकडे दारू नव्हती, अंगाला हात नव्हता. पण मिडटर्मच्या आठवड्यात रात्री अकराला फॉर्मल कपड्यांत रांगेत उभं करून संस्थापकांची नावं आणि ग्रीक अक्षरं म्हणायला लावायची, एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून, हे होतं. कशासाठी? 'आम्हीही केलं म्हणून.' पुढे मी कार्यकारिणीवर असताना हे बंद करायचा ठराव आणला आणि तो सपाटून पडला. राष्ट्रीय कार्यालयांच्या नियमात असल्या गोष्टींना बंदी आहे, पण नियम मुख्यालयात छापला जातो आणि रात्रीचे अकरा चॅप्टरमध्ये वाजतात. तक्रारी होतात, चॅप्टर निलंबितही होतात. तुमच्या बाजूने एक नवी गोष्ट झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत 'स्टॉप कॅम्पस हेझिंग' (हेझिंग म्हणजे तिथलं रॅगिंग) कायद्यावर सही झाली. दोषी ठरलेल्या संघटनांची नावं आता कॉलेजांना स्वतःच्या वेबसाइटवर जाहीर करावी लागतात. पुतणीला तिच्या विद्यापीठाचा तो अहवाल उघडायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

पैशांचं फार ताणत नाही. पहिल्या सत्रात जास्त, नंतर कमी, वर एक बऱ्यापैकी ब्लेझर. कर्ज काढून शिकणाऱ्याला ते टोचतात, मला टोचले. बिड घेण्याआधी चार वर्षांचा पूर्ण आकडा लेखी मागावा. द्यायला का-कू केली तर समजून जावं. वेळही जातो, प्लेजिंगच्या सत्रात भरपूर, आणि मार्क थोडे घसरतात. नंतर सावरतात.

त्यापेक्षा महत्त्वाचं, आणि याचा उल्लेख ना तुमच्या प्रतिक्रियेत ना माझ्या आधीच्या लेखात: तुमची पुतणी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे. चॅप्टरमधली अमेरिकन पोरं कितीही जीव लावणारी असोत, या बाबतीत त्यांचा सल्ला शून्य कामाचा असतो. 'तू हुशार आहेस, घेतील तुला,' असं ते मनापासून सांगतात. अर्जातला पहिलाच प्रश्न 'पुढे स्पॉन्सरशिप लागेल का?' (म्हणजे कंपनीला तुमच्या व्हिसासाठी अर्ज करावा लागेल का) हा असतो आणि 'हो' वर टिचकी मारली की कित्येक ठिकाणी अर्ज तिथेच संपतो, हे त्यांना कधी सोसावं लागलेलं नसतं. पहिलं पूर्ण शैक्षणिक वर्ष होईपर्यंत सीपीटीवर, म्हणजे शिकत असताना काम करायच्या परवानगीवर, इंटर्नशिप करता येत नाही. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे त्याच व्हिसावर नोकरी करायच्या परवानगीचे, बारा महिने. विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत असेल तर आणखी चोवीस. मार्केटिंग, मॅनेजमेंट सहसा मोडत नाहीत, बिझनेस अॅनालिटिक्ससारखे काही अभ्यासक्रम मोडतात, आणि ते कॉलेजागणिक वेगळं असतं. त्या जास्तीच्या दोन वर्षांत एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत दोनदा तरी जास्त नंबर लावता येतो. मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडण्याआधी तिने आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन हे विचारायला हवं. मला हे सगळं चॅप्टरमध्ये नव्हे, तर ग्रंथालयात शेजारी बसणाऱ्या एका चिनी मुलीकडून कळलं.

म्हणून माझं म्हणणं असं की तिला नकार द्यायला लावू नका आणि माझा लेख वाचून होकारही द्यायला लावू नका. तिने चॅप्टरच्या अध्यक्षाला भेटून दोन गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी घेतलेल्यांपैकी कितीजणांच्या घरात या क्षेत्रातलं कुणीच नव्हतं? आणि बाहेरच्या देशातून आलेले सदस्य पदवीनंतर कुठे लागले? नावानिशी उत्तरं आली तर जावं. 'वी आर अ फॅमिली' असं काहीतरी ऐकू आलं तर बीटा अल्फा साय बघावी. ती अकाउंटिंग-फायनान्सवाल्यांची, १९१९ पासूनची संघटना आहे. तिथे मार्कांची अट असते, फर्मची माणसं नियमित येऊन बोलतात आणि रात्रीच्या रांगा नसतात. तुमच्यासारख्या सीएला तीच जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

बिड स्वीकारायची मुदत सहसा एक-दोन दिवसांचीच असते, तेव्हा हे तिला आजच पाठवा. तिथे आता सकाळ असेल.