सहा की नऊ? आकडा रंगवणाऱ्याला विचारा

व्हॉट्सॲपवर एक चित्र वर्षानुवर्षं फिरतंय. जमिनीवर एक इंग्रजी आकडा रंगवलेला आणि त्याच्या दोन टोकांना दोन माणसं उभी. एक म्हणतो सहा, दुसरा म्हणतो नऊ. खाली मजकूर असतो: दोघंही बरोबर, कारण सत्य सापेक्ष असतं. मग पुराव्यादाखल आंधळे आणि हत्ती, आइन्स्टाइन, जैनांचा अनेकान्तवाद (वस्तूला अनेक बाजू असतात हा विचार), ‘इतिहास जेते लिहितात’ असा सगळा ऐवज एकाच दोरीत ओवून येतो. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, भांडण मिटावं एवढाच. पण यातला एकही दाखला त्या दाव्याला टेकू देत नाही. दोन तर चक्क उलटी साक्ष देतात.

आधी तो आकडा. तो आभाळातून पडलेला नाही, कोणीतरी कशासाठी तरी रंगवलाय. तेव्हा शेजारी बघा. एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला सात असेल तर तो सहा. शेजारी काहीच नसेल आणि जागा पार्किंगची असेल, तर गाडी आत कुठून येते ते बघा. आकडा सहसा चालकाला सरळ वाचता येईल असा काढतात. तेही कळत नसेल तर सोसायटीच्या ऑफिसात नकाशा असतो. हाउजीचे आकडे बनवणाऱ्यांना ही अडचण केव्हाच कळली, म्हणून ते सहा आणि नऊ यांच्या खाली रेघ मारतात. ‘दोन्ही बरोबर’ म्हणून सोडून दिलं असतं तर एकही डाव पुरा झाला नसता. (देवनागरीत हे चित्र जमतच नाही. आपला ६ उलटा केला तरी ९ होत नाही. आपल्याकडे भांडण ३ आणि ६ चं, पाठीला पाठ लावून बसलेल्या छत्तीसच्या आकड्याचं.)

‘ज्याला जसं जाणवतं ते त्याचं सत्य’ हे त्याच्या पुढचं पाऊल. हा विचार जुना आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्रोटागोरसचं म्हणणं असं की माणूस हेच सगळ्या गोष्टींचं माप. एकाच वाऱ्यात एक कुडकुडतो, दुसरा नाही, मग वारा गार की नाही? हे घरी तपासता येतं. तीन पातेली घ्या. एकात सुमारे १५ अंशांचं गार पाणी, दुसऱ्यात ४० अंशांचं कोमट, मधल्यात २८ अंशांचं. डावा हात गार पाण्यात आणि उजवा कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवा, मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात घाला. तेच पाणी डाव्या हाताला ऊन लागेल, उजव्याला गार. आता ‘प्रत्येकाचं आपलं सत्य’ म्हणायचं तर एकाच माणसाला दोन सत्यं द्यावी लागतील, प्रत्येक हाताला एक!

असं होतं कारण त्वचेतल्या संवेदी नसा तापमापीसारखं तापमान मोजत नाहीत. त्या आधी ज्या तापमानाला सरावल्या असतील त्याच्या तुलनेत उष्णता आत येतेय की बाहेर जातेय, हे सांगतात. म्हणजे दोन्ही हात खरंच बोलतायत, पण स्वतःबद्दल. पाण्याबद्दल विचारायचं तर पातेल्यात तापमापी बुडवा.

आता आइन्स्टाइन. ‘त्यानेच सिद्ध केलं की सगळं सापेक्ष आहे’ या वाक्यातला ‘सगळं’ हा शब्द खोटा आहे. त्याचा १९०५ चा सापेक्षतेचा सिद्धान्त ज्या दोन गृहीतकांवर उभा आहे ती दोन्ही ‘सगळ्यांना सारखंच’ या जातीची आहेत: वेग न बदलता सरळ जाणाऱ्या प्रत्येकासाठी भौतिकीचे नियम तेच, आणि निर्वातातला प्रकाशाचा वेगही तोच, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. त्याची किंमत म्हणून लांबी, कालावधी आणि ‘एकाच वेळी’ या गोष्टी मोजणाऱ्याच्या वेगावर ठरतात, हे खरं. पण ते ‘ज्याचं त्याचं’ म्हणून सुटत नाही, त्याचा हिशोब लागतो.

एक गाडी प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने चाललीय असं धरा. फलाटावरच्या घड्याळांनी ५ सेकंदांत ती ३ प्रकाशसेकंद (प्रकाश तीन सेकंदांत कापेल तेवढं अंतर), म्हणजे सुमारे ९ लाख किलोमीटर जाते. गाडीतल्या प्रवाशाच्या घड्याळात मात्र ४ सेकंदच होतात, आणि त्याच्या मते तो जागेवरच बसलाय, अंतर शून्य. कोणाचं खरं? वेळेच्या वर्गातून प्रकाशसेकंदांतल्या अंतराचा वर्ग वजा करा. फलाटाचं २५ उणे ९, म्हणजे १६. प्रवाशाचं १६ उणे शून्य, तेही १६. वेळ वेगळी, अंतर वेगळं, पण वजाबाकी दोघांची तीच, आणि तिसरा कोणी तिसऱ्या वेगाने जात असेल तर त्याचीही तीच. ‘माझ्या मते ३.५ सेकंद’ असं कोणी म्हणालं तर तो त्याचा दृष्टिकोन नव्हे, चूक आहे.

खिशातल्या मोबाइलचा नकाशा यावरच चालतो. जीपीएस उपग्रहातलं घड्याळ वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं आणि तिथलं गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. निव्वळ ३८ पुढे. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो, म्हणून घड्याळाची गती उड्डाणाआधीच तेवढी कमी करून ठेवतात.

याचं साधं, घरचं रूप मुंबईने पाहिलंय. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबई आपल्या जुन्या, ३९ मिनिटं मागे असलेल्या वेळेला चिकटून राहिली, काही ठिकाणी तर १९५५ पर्यंत. प्रमाणवेळेने बाराला सुटलेली गाडी मुंबई वेळेने ११ वाजून २१ मिनिटांनी सुटली. ज्याची गाडी चुकली त्याची मात्र दोन्ही घड्याळांनी चुकली.

इथे ‘सापेक्ष’ हा शब्दच नीट बघावा. स-अपेक्ष: कशाची तरी अपेक्षा ठेवणारं, कशाच्या तरी संदर्भाने सांगितलेलं. वाक्यात एक जागा रिकामी आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती जागा भरली की वाक्य सगळ्यांसाठी खरं किंवा सगळ्यांसाठी खोटं. ‘पाणी १०० अंशांना उकळतं’ हे समुद्रसपाटीला ठीक आहे, महाबळेश्वरला ते ९५ च्या आसपासच उकळतं. उंची सांगा, वाद संपला.

आणि नेमकं हेच जैन तर्कशास्त्र सांगतं, म्हणून त्याला या फॉरवर्डमध्ये ओढलेलं बघून वाईट वाटतं. त्याच्या स्याद्वाद या विचारपद्धतीतला ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. त्याचा अर्थ ‘एका अपेक्षेने’. घट आहे की नाही, या प्रश्नाला चार जागा भराव्या लागतात: द्रव्य, क्षेत्र, काल, भाव. मातीचा म्हणून आहे, सोन्याचा म्हणून नाही. पैठणात आहे, नाशकात नाही. आज आहे, भाजण्याआधी नव्हता. लाल म्हणून आहे, काळा म्हणून नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही खरं ठरतं ते अपेक्षा बदलल्यामुळे. त्याच मातीचा, त्याच जागी, त्याच क्षणी, त्याच रूपात ‘आहे आणि नाही’ असं एका दमात म्हणायची पाळी आली तर स्याद्वादाच्या सात भंगांत, म्हणजे सात प्रकारच्या विधानांत, त्यासाठी वेगळा शब्द आहे, ‘अवक्तव्य’. शिवाय हेच दर्शन केवलज्ञान मानतं, म्हणजे सगळ्या बाजू एकदम जाणणारं ज्ञान. सत्य ज्याचं त्याचं असतं तर केवलज्ञानाला जाणायला उरलं काय?

हत्तीची गोष्ट ‘उदान’ या पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथातही आहे. श्रावस्तीचा राजा जन्मांधांना गोळा करून हत्ती दाखवायला सांगतो. डोकं चाचपणारा म्हणतो घडा, कान धरणारा म्हणतो सूप, पायावाला खांब, शेपटीवाला मुसळ, शेपटीचा गोंडा धरणारा केरसुणी. मग मारामारी होते आणि राजाला मजा वाटते. ही गोष्ट सांगता येते ती सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसतोय म्हणून. आंधळ्यांची चूक हाताची नव्हती, ‘हत्ती असा आहे’ म्हणण्याची होती. ‘माझ्या हाताला लागलं ते सुपासारखं’ म्हणाला असता तर वाद नव्हता, आणि चार पावलं पुढे सरकला असता तर सोंड लागली असती. त्यातला कोणीही ‘तुझा हत्ती तुझा, माझा हत्ती माझा’ म्हणत नाही.

इतिहासाचं थोडक्यात. पानिपतावर दोन्ही बाजूंच्या लोकांनी लिहिलं. मराठी बखरींच्या लेखकांनी लिहिलं, तसं अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने फारसीतही लिहिलं. आकड्यांत फरक भरपूर. पण १४ जानेवारी १७६१ ला कोण हरलं यावर हरलेल्यांचंही दुमत नाही. पेशव्यांकडे आलेल्या सांकेतिक निरोपात दोन मोती गळाल्याचं, सत्तावीस मोहरा हरवल्याचं आणि बाकी खुर्द्याची गणतीच नसल्याचं सांगितलं होतं. गणती नाही म्हणजे आकडा माहीत नाही. माहीत नसणं वेगळं आणि प्रत्येकासाठी वेगळा आकडा असणं वेगळं.

‘सत्य सापेक्ष आहे हे तरी निरपेक्ष आहे का?’ ही कोटी सगळ्यांना ठाऊक असते. ती वाटते तेवढी जीवघेणी नाही. पक्का सापेक्षवादी म्हणेल, ‘हेही फक्त माझ्यासाठी खरं.’ ठीक, पण मग फॉरवर्ड कशाला केलं?

खरंच ज्याचं त्याचं असं काही उरतं का? उरतं. पिठलं खारट झालंय का, हे खाणाऱ्यावर आहे. त्यात मीठ एक चमचा पडलं की दोन, हे नाही. नीतीचं काय, हा प्रश्न अवघड आहे, पण सहा-नऊच्या चित्राने तो सुटत नाही.

आणि ‘दोघंही बरोबर’ म्हणण्याने माणसाचं नुकसान कुठे होतं ते बघायचं तर जमिनीच्या वाटणीत बघा. एक भाऊ गुंठ्यात बोलतो, दुसरा सातबाऱ्यावरच्या आरमध्ये. ‘एकच की ते’ म्हणून दोघं मान डोलावतात. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. दोन एकर म्हणजे ८० गुंठे, त्याचे ८०.९४ आर होतात. कागदावर ८० आर लिहिले की सुमारे १,०१० चौरस फूट गेले, जवळजवळ एक गुंठा.