मोना बेटावरच्या गुहा चाच्यांच्या नाहीत

तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून एकच मेसेज माझ्याकडे आला. गुहेच्या अंधाऱ्या तोंडाचा फोटो आणि खाली मजकूर: 'कॅरिबियन समुद्रातल्या मोना बेटावर लाटांनी कोरलेल्या 200 गुहा आहेत. समुद्री चाच्यांनी तिथे खजिना पुरला. भिंतींवरच्या रेघा म्हणजे त्या खजिन्याचे गुप्त नकाशे. बेटावरचे मूळ लोक कोलंबस आल्यावर पन्नास वर्षांत नामशेष झाले, त्यामुळे या गुहांना आज कुणी वाली नाही.'

गुहांची संख्या साधारण बरोबर आहे. बाकी सगळं एकेक करून तपासावं लागेल. मोनाबद्दल मी बरीच वर्षं मिळेल ते वाचत आलोय, आणि शेवटचं वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आधी बेट कुठे आहे ते. पोर्तो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताक यांच्या मधल्या सामुद्रधुनीत, साधारण 55 चौरस किलोमीटरचं, वरून टेबलासारखं सपाट आणि बाजूंनी उभे कडे असलेलं. कायमची वस्ती नाही. जगात दुसरीकडे कुठेच न सापडणारी मोठी इग्वाना इथे राहते.

'लाटांनी कोरलेल्या.' नाही. आपल्याकडे गुहा म्हटलं की डोळ्यांपुढे लेणी येतात: काळा बेसॉल्ट, छिन्नीचे घाव, माणसाची मेहनत. मोनाचा दगड वेगळा, तो चुनखडीचा. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि बेटाच्या पोटात खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. ही दोन पाणी जिथे मिसळतात तिथलं मिश्रण चुनखडीला एकेकट्या पाण्यापेक्षा जास्त खातं. बेटाच्या कडेला, समुद्राजवळ, हे सगळ्यात जोरात चालतं. त्यामुळे दगडाच्या आत दालनं तयार झाली, एकाला एक जोडलेली, पण बाहेर यायला वाट नसलेली. पुढे जमीन वर उचलली गेली, कडे ढासळले, तेव्हा कुठे त्या दालनांना तोंडं फुटली. म्हणजे गुहा आधी झाली आणि दार सर्वांत शेवटी. या गुहा दहा लाख वर्षांहून जुन्या आहेत.

'चाच्यांनी खजिना पुरला.' चाचे या बेटाच्या आसपास होते, हे खरं. विल्यम किड नावाचा चाचा 1699 मध्ये मोनाजवळ थांबला होता. त्याच्याकडे असलेलं 'क्वेदा मर्चंट' हे जहाज त्याने जानेवारी 1698 मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ पकडलं होतं. ते बंगालहून सुरतेला निघालं होतं, म्हणजे त्या 'खजिन्या'त आपल्याच बंदरांतला माल होता. पण किडने पुरलेला म्हणून जो ऐवज ठाऊक आहे, तो न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावरचा. तो त्याच वर्षी उकरून काढला गेला आणि पुरावा म्हणून लंडनला गेला. किडला 1701 मध्ये फाशी झाली. मोनाच्या गुहांतून खरोखर काय काढून नेलं तर वटवाघळांची विष्ठा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1920च्या दशकापर्यंत खतासाठी गुहांचे तळ खणले गेले, आणि त्या मातीत मागच्या माणसांचं जे काही पडलेलं असेल तेही त्यासोबत गेलं. हरवलेला खजिना शोधायचाच असेल तर तो हा.

आता भिंतींवरच्या रेघा. इथे मी थांबणार आहे, कारण मेसेजमधलं सगळ्यात मोठं चुकीचं वाक्य हेच.

2013 पासून लिस्टर विद्यापीठाच्या ॲलिस सॅम्सन आणि ब्रिटिश म्युझियमचे जॅगो कूपर यांनी पोर्तो रिकोच्या सहकाऱ्यांबरोबर इथल्या सुमारे 70 गुहांची पाहणी केली. दिवसाचा उजेड संपतो त्याच्याही पुढे, पार आतल्या अंधारात भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. काही गुहांच्या भिंतींवर दगडाचा वरचा थर मऊ, पिठासारखा आहे. त्यावर बोट दाबून ओढलं की गडद साय निघते आणि खालचा फिकट दगड दिसतो. चित्रं अशीच काढली आहेत: कुठे एका बोटाची रेघ, कुठे दोन, तीन, चार बोटांचे समांतर पट्टे. पट्ट्याची रुंदी पाहिली की हात कुणीकडून कुणीकडे फिरला ते कळतं. चेहरे, प्राणी, नागमोडी वळणं एकात एक गुंतलेली. काही ठिकाणी रंगही आहे, आणि त्यात वटवाघळांची विष्ठा, झाडाचा डिंक असे जिन्नस मुद्दाम मिसळलेले सापडले. कालमापन केलं तर ही चित्रं कोलंबसच्या आधीची निघाली. चाच्यांच्या कितीतरी आधीची.

ही चित्रं ताईनो लोकांची, म्हणजे मेसेजमधल्या त्या 'मूळ लोकां'ची. गुहा त्यांच्यासाठी काय होती, हे रामोन पाने नावाच्या साधूने कोलंबसच्या सांगण्यावरून शेजारच्या हिस्पॅनिओला बेटावर 1498च्या सुमारास लिहून ठेवलं. माणसं कासिबाहाग्वा नावाच्या गुहेतून बाहेर आली. सूर्य-चंद्रही एका गुहेतूनच निघाले. गुहेच्या दारावर रात्री पहारा देणारा माकोकाएल एकदा परतायला उशीर करून बसला, सूर्याने त्याला गाठलं आणि तो दाराशीच दगड झाला. मेलेली माणसं दिवसा कोंडलेली असतात, रात्री बाहेर पडून पेरू खातात. ही शेवटची गोष्ट वाचली की मला दर वेळी वटवाघळं आठवतात. ज्यांच्या लेखी अख्खं जग गुहेतून जन्मलं, त्यांच्या बोटांच्या खुणांना 'खजिन्याचा नकाशा' म्हणणं अन्यायाचं आहे.

मोनावरच्या एका गुहेत, जिला अभ्यासक 18 क्रमांकाची गुहा म्हणतात, ताईनोंच्या अडीचशेहून जास्त आकृत्या आहेत आणि त्यांच्या शेजारी सोळाव्या शतकातल्या युरोपीयांनी लिहिलेले तीसेक मजकूर. कुणी लॅटिनमध्ये 'शब्द देही झाला' लिहिलंय, कुणी 'देवाने पुष्कळ काही निर्माण केलं', कुणी स्पॅनिशमध्ये 'देव तुला क्षमा करो'. फ्रान्सिस्को आलेग्रे नावाची सही आहे. हा गृहस्थ पुढे पोर्तो रिकोत राजाचा अधिकारी झाला. यांनाही सांकेतिक भाषा म्हणायला जागा नाही, सरळ वाचता येतात. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात 1819 साली जॉन स्मिथने चित्रावरच नाव ओरखडलं, तसा हा प्रकार मला वाटत नाही. इथे आलेला माणूस त्या चित्रांसमोर उभा राहिला आणि त्याला आपल्या देवाबद्दल काही म्हणावंसं वाटलं. नव्या मुलखातल्या दोन श्रद्धा एका भिंतीवर समोरासमोर आल्याचा इतका जवळचा पुरावा फार थोड्या ठिकाणी उरलाय. हे 2016 मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात छापून आलेलं आहे, कुणीही शोधून वाचू शकतं.

राहिलं 'नामशेष'. वेठबिगारी, उपासमार, देवी यांनी ताईनोंचा भयंकर संहार झाला, त्यात एक शब्दही कमी करायचं कारण नाही. पण संहार झाला आणि कुणीच उरलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्तो रिकोत केलेल्या पाहणीत सुमारे 61 टक्के लोकांत आईकडून येणारा डीएनए मूळ अमेरिकी निघाला. 2018 मध्ये बहामातल्या एल्युथेरा बेटावरच्या एका गुहेत सापडलेल्या, हजारेक वर्षांपूर्वीच्या बाईच्या दातातून पूर्ण जनुकसंच वाचला गेला, आणि आजच्या पोर्तो रिकन लोकांशी तिचं नातं जुळलं. आज स्वतःला ताईनो म्हणवणारी माणसं तिथे आहेत. त्यांच्यादेखत त्यांना संपलेले ठरवायचं, हे आपण तरी करू नये.

आणि त्यांची भाषा? 'बताता' हा रताळ्यासाठीचा ताईनो शब्द. स्पॅनिशांनी तो उचलला, पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणला, आणि कंदाबरोबर नावही बदलत आपल्याकडे बटाटा झाला. ज्याने तो मेसेज पुढे पाठवला, त्यानेही त्या दिवशी घरी हा शब्द एकदा तरी उच्चारला असेल.

'कुणी वाली नाही' हेही खोटं. मोना संरक्षित बेट आहे, पोर्तो रिकोचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं ते सांभाळतं, जायला परवानगी लागते. एवढी काळजी घ्यायचं कारण भिंतीतच आहे. ज्या मऊ थरावर बोटाने चित्र उमटलं, तो आजही मऊच आहे. खजिना शोधायला घुसलेल्या कुणाचा नुसता खांदा घासला, तरी कोलंबसच्याही आधीची चार बोटं तिथून पुसली जातील.