पंचवटीची गर्दी विमानात मावणारी नाही

सप्रेम नमस्कार. नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून मुंबईसाठी सकाळ-संध्याकाळ विमानांची शटल सेवा सुरू केली, तर नाशिककरांना रोज सकाळी मुंबईला नेणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसचा आणि पुढे लोकलचाही भार हलका होईल, आणि नाशिक-मुंबई गाडीच्या गर्दीवरच्या माझ्या लेखात मी रेल्वेच्या मायेपोटी हा पर्याय झटकून टाकला, असा आपला आक्षेप आहे. आपली तळमळ जाणवली, म्हणून सविस्तर लिहितो.

पंचवटीच्या साध्या डब्यात 100 च्या आसपास आसने असतात आणि असे वीसेक डबे घेऊन ही गाडी जवळपास 2,000 माणसे नेते; दाराशी उभे राहणारे वेगळेच. एटीआर या जवळच्या अंतराच्या छोट्या पंख्याच्या विमानात 70-75 जण बसतात. म्हणजे ही एकच गाडी रिकामी करायला रोज सकाळी 27-28 विमाने उडायला हवीत, आणि ती उतरणार कुठे? मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तासाला जेमतेम 45 विमानांची ये-जा होते. 2017 च्या डिसेंबरात उडान या केंद्राच्या स्वस्त विमानप्रवास योजनेखाली 19 आसनी विमानाने नाशिक-मुंबई सेवा सुरू झाली होती, ती टिकली नाही, हेही विसरता येत नाही.

मी काही वर्षे पासधारक होतो. आमच्या डब्यातल्या एक परिचारिका इगतपुरी येईपर्यंत मांडीवर डबा उघडून पोळीभाजी उरकायच्या आणि घाट लागला की डोळे मिटायच्या. सवलतीचे विमानभाडे धरले, तरी त्यांच्या महिन्याच्या पासाचे पैसे दोन-तीन दिवसांत संपतील. ज्यांच्यामुळे गर्दी होते, ती माणसे हीच आहेत.

मुंबईहून पुढचे विमान धरणाऱ्या नाशिककरांना गाडीत कोंबणे चूक आहे, हा आपला मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो. त्यांच्यासाठी ओझरहून दिल्ली, बंगळूरुची थेट उड्डाणे वाढायला हवीत. मुंबईचे शटल नव्हे.

खरी अडचण कसारा घाटात आहे. तिथे 37 मीटरला एक मीटर असा चढ असल्याने वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलणारी जादा इंजिने (बँकर) जोडावी लागतात, आणि मालगाड्याही त्याच मार्गांवरून जात असल्याने नाशिकसाठी जादा गाडी मागितली की वेळापत्रकात जागा नाही असे उत्तर येते. कमी चढाचा नवा घाटमार्ग झाला, तर एकेका वाढीव गाडीने 2,000 जणांना बसायला जागा मिळेल. थेट उड्डाणांबद्दलची आपली सूचना मूळ लेखात आजच जोडत आहे.