पद्मिनीच्या टायरचे माप : नेरुळच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर देण्यापूर्वी माझ्या गाडीची मोजमापे पुन्हा घेतली, म्हणून आठ दिवसांचा उशीर झाला. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीच्या मूळ ५.२०-१४ मापाच्या, जुन्या बनावटीच्या नायलॉन टायरऐवजी १६५/८० आर १४ मापाचे, नव्या बनावटीचे रेडियल टायर घ्यावेत आणि १७५/६५ आर १४ घेऊ नयेत, असे मी लिहिले होते. (५.२० ही टायरची इंचांतली रुंदी, १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे टायरची रिमपासून बाहेरच्या कडेपर्यंतची उंची रुंदीच्या किती टक्के आहे तो आकडा आणि १४ हा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या चाकाचा, इंचांतला व्यास.) त्यावर आपण म्हणता की, मी हिशेब न मांडता लोकांना उगाच घाबरवले आहे. ५.२० इंच म्हणजे १३२ मिलिमीटर, त्याचे ८० टक्के म्हणजे टायरची उंची आणि त्यावरून मूळ टायरचा व्यास ५६७ मिलिमीटर निघतो. १७५/६५ चा व्यास ५८३ आहे, म्हणजे तो मूळ टायरपेक्षा लहान नसून उलट मोठाच आहे. आपण चार वर्षे हेच टायर वापरत आहात, पाम बीच रस्त्यावर रोज जाता, कसलाही त्रास नाही, गाडी चढावर अधिक हलकी ओढते आणि एव्हरेजही ११ वरून साडेअकरावर गेले आहे.

मी हिशेब मांडला नव्हता, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. केवळ माप सांगून ते का, हे न सांगणे ही माझी चूक होती आणि ती येथे दुरुस्त करतो.

आपली आकडेमोड बरोबर आहे, पण तिच्यातला ८० हा आकडा नायलॉन टायरचा नाही. तो रेडियलच्या जगातून आलेला आहे. जुन्या रेडियलवर नुसते ‘१५५ आर १४’ असे लिहिलेले असले, तर उंचीचे गुणोत्तर ८० ते ८२ टक्के धरण्याची रीत आहे आणि आपण तीच रीत ५.२०-१४ ला लावली. ज्या काळात ५.२०-१४ हे माप ठरले, त्या काळच्या नायलॉन टायरची उंची त्याच्या रुंदीच्या जवळपास बरोबरीची असे, म्हणूनच त्या मापात गुणोत्तर लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही. हे पुस्तकी वाटू नये म्हणून मी नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या आवारात डिकीतून जुनी स्टेपनी काढली, तिच्यात पुरेशी हवा भरली, एक दिवस तशीच राहू दिली आणि शिंप्याकडे असते तसल्या कापडी टेपने ग्रीपच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या, मधोमध तिचा घेर मोजला. तो १९१.५ सेंटिमीटर भरला. त्याला ३.१४ ने भागले की व्यास सुमारे ६१० मिलिमीटर येतो. त्यातून रिमचे १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिलिमीटर वजा करून निम्मे केले, तर टायरची उंची १२७ मिलिमीटर निघते आणि ती १३२ च्या ९६ टक्के आहे. ८० आणि ९६ या दोन आकड्यांमधल्या फरकावरच आपला सगळा युक्तिवाद उभा आहे.

आता ६१० हा आधार धरून पाहू. १५५/८० आर १४ चा व्यास ६०४ येतो, म्हणजे मूळ मापापेक्षा १ टक्का कमी. १६५/८० आर १४ चा ६२० येतो, म्हणजे दीड टक्क्याहून किंचित अधिक. आपल्या १७५/६५ चा ५८३ हा मूळ मापापेक्षा साडेचार टक्के कमी आहे. एरवी ही टक्केवारी किरकोळ वाटली असती, परंतु आपण दिलेले अनुभवच तिची साक्ष देतात.

आपल्या एव्हरेजचेच घ्या. टायरचा घेर लहान झाला की तेवढेच अंतर कापायला चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात, आणि मीटर तर चाकाच्या फेऱ्यांवरच चालतो. ६१० भागिले ५८३ केले तर १.०४६ येते, म्हणजे गाडी खरोखर १००० किलोमीटर चालली की मीटरवर १०४६ दिसतात. पूर्वीच्या ११ ला १.०४६ ने गुणून पाहा, उत्तर साडेअकरा येते. आपल्या गाडीचे पेट्रोल वाचलेले नाही, मीटरवरचे किलोमीटर तेवढे वाढले आहेत. चढावर गाडी हलकी ओढते हा आपला अनुभव मात्र खरा आहे आणि त्याचेही कारण हेच आहे. लहान चाकामुळे प्रत्येक गिअर थोडा खालचा झाल्यासारखे होते, त्यामुळे ओढ वाढते, आणि त्याची किंमत म्हणून पाम बीचसारख्या सरळ रस्त्यावर त्याच खऱ्या वेगाला १०८९ सीसीच्या त्या जुन्या इंजिनला साडेचार टक्के जास्त फिरावे लागते. चारच गिअर असलेल्या गाडीत वर आणखी गिअर नाही, त्यामुळे हा भार टाळता येत नाही. मीटर ६० दाखवत असताना आपला खरा वेग ५७ च्या आसपास असतो. मोबाइलवरच्या नकाशात एखादे १० किलोमीटरचे अंतर लावून आपण हे एका सकाळी पडताळू शकता. मीटरमध्ये आधीपासूनच दोष असेल तर आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण फरक दिसेल.

याखेरीज व्यास २७ मिलिमीटरने कमी झाला की गाडी त्याच्या निम्म्याने, म्हणजे साडेतेरा मिलिमीटरने खाली येते. घोडबंदर रस्त्याच्या सेवा रस्त्यांवरचे गतिरोधक ज्यांनी चार माणसे बसवून ओलांडले आहेत, त्यांना सायलेन्सरच्या नळीखालच्या साडेतेरा मिलिमीटरचे मोल वेगळे सांगायला नको.

तरीही व्यास हा माझ्या दृष्टीने दुसऱ्या क्रमांकाचा मुद्दा आहे. पहिला मुद्दा रिमच्या रुंदीचा आहे आणि मूळ लेखात मी त्याला दोन ओळींत उरकले, याची मला खरोखर खंत वाटते, कारण याच बाबतीत मी स्वतः फसलो होतो. काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्याच एका दुकानदाराने मला १८५/७० आर १४ घ्यायला सुचवले. त्याचा व्यास ६१५ येतो, मूळ मापाच्या इतका जवळ की मी कागदावर हिशेब केला आणि निश्चिंत झालो. टायर रिमवर चढले, हवा धरली, दिसायलाही भरदार दिसले. दीड महिन्याने आम्ही पाच जण येऊरला निघालो असता वाटेतल्या एका गतिरोधकावर मागून खरवडल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ रबर तापल्याचा वास आला. चाक काढून पाहिले, तेव्हा टायरच्या आतल्या खांद्यावर बोटभर रुंदीचा गुळगुळीत, चकचकीत पट्टा पडला होता आणि मडगार्डच्या आतला रंग त्याच रुंदीने उडून पत्रा उघडा पडला होता. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असलेली ही गाडी भाराने चांगलीच दबते आणि १८५ रुंदीच्या टायरला तेथे जागाच नाही. चारही टायरची ग्रीप मधोमध अधिक झिजत होती, कडा मात्र जवळजवळ कोऱ्या होत्या.

झीज मधोमध का होत होती, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही. माझ्या रिमची आतली रुंदी ४ इंच आहे. टायर रिमच्या ज्या बैठकीवर बसतो, त्या बैठकीतले अंतर मोजायचे असते. अनेक दुकानांत रिमच्या बाहेरच्या कडा मोजतात आणि मग तीच रिम पाच इंचांच्या जवळ जाते. रुंद टायर अरुंद रिमवर बसवला की त्याच्या दोन्ही बाजू आत खेचल्या जातात, मधला भाग फुगीर होतो आणि रस्त्याला तेवढाच टेकतो. वळणावर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, लवते आणि स्टिअरिंग फिरवल्यानंतर गाडी क्षणभर उशिरा वळते. प्रत्येक मापाच्या टायरला किमान आणि कमाल रिम ठरवून दिलेली असते. १५५/८० आणि १६५/८० या दोन्ही मापांना ४ इंचांपासूनची रिम चालते. १७५/६५ ला मात्र किमान ५ इंच लागते. आपली रिम मूळचीच आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा ती ४ इंच भरली तर आपले टायर मान्य मर्यादेपेक्षा पूर्ण एक इंच अरुंद रिमवर चालत आहेत. आपल्याला त्रास झाला नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण हा दोष रोजच्या संथ फेऱ्यांत जाणवत नाही. हवा कमी असताना, भरल्या गाडीने, एकदम वळावे लागले की टायरची कड रिमवरून सरकण्याचा जो धोका असतो, तो त्या एका प्रसंगापुरताच समोर येतो.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे आपल्या टायरवाल्याचे म्हणणे कोरड्या रस्त्यावर आणि योग्य रिमवर बरोबर आहे. पद्मिनीचे वजन जेमतेम ९०० किलो आहे. हलकी गाडी आणि रुंद टायर असले की साचलेल्या पाण्यावर टायर पाणी कापण्याऐवजी त्याच्यावर तरंगू लागतो. जुलैच्या पावसात पाम बीचवर वेगाने जाणाऱ्याने हे विशेष ध्यानात घ्यावे.

भारक्षमतेच्या बाबतीत आपले टायर कमी पडत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यावर ८२ हा अंक असेल तर एक टायर ४७५ किलो पेलतो आणि पाच माणसांसह पद्मिनीला तेवढे पुरून उरते.

आपण आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली अशी की, एक ओळखीचे गृहस्थ न वापरलेले ५.२०-१४ चे नायलॉन टायर देऊ करत आहेत, ते घ्यावेत का. मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर या मापाला रोजचे गिऱ्हाईक होते. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तेव्हा आज मिळणारा कोरा टायर किती वर्षे कोणाच्या पोटमाळ्यावर पडून होता, ते आधी पाहा. साइडवॉलवरच्या तारखेच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाआधीचा आहे आणि त्याची ग्रीप कितीही नवी दिसली तरी त्याचे रबर कडक झालेले असणार. ग्रीपच्या खाचांत नखाने दाबून पाहिले की बारीक भेगा दिसतात. असा टायर प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला शोभेल, आपल्यासारख्या रोज गाडी काढणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट स्टेपनीची. चार चाकांना रेडियल आणि स्टेपनी मात्र जुनी नायलॉनची, हे आपण सहज लिहून गेलात, पण मला त्याची सर्वांत जास्त काळजी वाटली. मागच्या एका चाकाला ६१० आणि दुसऱ्याला ५८३ व्यासाचा टायर लागला, तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शिअलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेला, अखंड काम करत राहावे लागते आणि ब्रेक दाबल्यावर दोन्ही बाजूंची पकड वेगवेगळी असते. एकाच आसावर नायलॉन आणि रेडियल कधीही एकत्र लावू नयेत. दोन-दोन लावण्याची वेळ आलीच तर रेडियल मागे असावेत, कारण पुढची पकड मागच्यापेक्षा वरचढ झाली की वळणावर गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते. पंक्चर झाल्यास त्या स्टेपनीवर जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, तेही हळू, एवढेच जावे.

ट्यूबबद्दल आपण काही लिहिले नाही, तरी सांगतो. ट्यूबलेस टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा माझ्या रिमला नाही, म्हणून मी रेडियलमध्येही ट्यूब घालतो, आणि तीही रेडियलसाठीचीच. टायरच्या आत चिकटवलेला कागदी स्टिकर आधी काढून घ्यावा, नाहीतर त्याच्या कडेने ट्यूब घासून महिन्याभरात बारीक छिद्र पडते.

आता माझी दुसरी चूक. १६५/८० हे ‘तंतोतंत’ माप आहे, असे मी लिहिले होते. ते तसे नाही. ते मूळ टायरपेक्षा व्यासाने १० मिलिमीटर मोठे आणि ३३ मिलिमीटर अधिक रुंद आहे, मीटर त्यावर १००० ऐवजी ९८४ किलोमीटर दाखवतो आणि गाडी उभी असताना स्टिअरिंग थोडे जड लागते. मोजमापाने सर्वांत जवळचे माप १५५/८० आर १४ हेच आहे. मी १६५/८० घेतले, कारण स्विफ्ट आणि डिझायरच्या साध्या आवृत्त्यांमुळे ते माप ठाण्यात कोणत्याही दुकानात ताजे मिळते आणि १५५/८० साठी मला चार दुकाने फिरूनही नवीन तारखेचा संच मिळाला नाही. आपल्याला वाशीत किंवा पनवेलला तो मिळाला, तर तोच घ्यावा आणि आम्हालाही कळवावे.

सध्याचे टायर आपण लगेच बदलावेत, असा माझा आग्रह नाही. आधी रिमची आतली रुंदी मोजा, कारण पूर्वीच्या मालकाने रिम बदललेली असल्यास माझा निम्मा आक्षेप गळून पडतो. ती पाच इंच भरली तर मीटरचा फरक मनात धरून हे टायर झिजेपर्यंत वापरता येतील. चार इंच भरली तर निदान पावसाळ्याआधी ते बदलावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मूळ लेखातून ‘तंतोतंत’ हा शब्द मी काढला आहे, तेथे वरचे सर्व व्यास दिले आहेत आणि रिम कशी मोजावी, याचे छायाचित्र या रविवारी जोडतो.