आजोबा, तुम्ही सावलीत बसा

आजोबा म्हटल्याचा मला राग नाही. त्याच तोंडानं शेजारच्या माणसाला ‘भाऊ’ म्हटलं, त्याचा आहे.

१ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावा, असं फर्मान निघालंय. मुदत आधी मार्च २०२५, मग एप्रिल, मग जून, मग ऑगस्ट, मग नोव्हेंबर. मुदत पाळणाऱ्याला वेड्यात काढायची ही सरकारी पद्धत जुनीच. आमच्याकडे बजाजची चेतक आहे, बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. ऑनलाइन फॉर्मला चेसिस नंबर लागतो. तो पॅनेल उघडून, गंज घासून, टॉर्च दातात धरून वाचला. ४५० रुपये आणि वर जीएसटी असे ५३१ भरले, तारीख मिळाली, आणि ऑक्टोबरच्या उन्हात मानेवाडा रोडवरच्या एका टिनाच्या शेडसमोर गाडी लावून उभा राहिलो. पूर्वी फॉर्मसाठी रांग होती. आता फॉर्म घरी भरायचा आणि मग रांगेत उभं राहायचं.

प्लेट लावणारा पोट्टा विशीतला. त्यानं कागद पाहिला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “आजोबा, हिचं चार्जिंग कुठून होते?”

“पेट्रोलवर चालते रे.”

“पण कागदावर तर चेतक आहे न.”

त्याचं तरी काय चुकलं? त्याची चेतक म्हणजे २०२० मध्ये बाजारात आलेली, विजेवरची. मी त्याला समजावायला लागलो की हिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, गिअर हातात असतो, चोक ओढावा लागतो, आणि तरी ऐकली नाही तर तिला एका अंगावर कलती करून, थोडी झुलवून, मग किक मारायची. डॉक्टर भ्रमिष्ट पेशंटसमोर डोलवतात तशी पोट्टा मान डोलवत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, “आजोबाले सावलीत बसू दे न बावा. उन्हात काऊन उभं केलं त्याईले?”

मी वळून पाहिलं. केस इतके काळे की रंग कपाळावरही उतरलेला. कानामागे मात्र दोन सूत पांढरी मुळं वर आलेली. अंगात फुलाफुलांचा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, हातात जुनी लुना. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांना काही रंग लावता येत नाही, त्यामुळे त्या जागच्या जागी होत्या. पोट्टा त्याला म्हणाला, “हो भाऊ, बसवतो.”

भाऊ! माझे केस चाळिशीतच पिकले, आमच्या घराण्यातच ते आहे. पण केसांवरून वय काढणाऱ्या या पोट्ट्याला मुळं दिसत नव्हती का?

मला सावलीत बसवलं. भाऊ माझ्या बाजूला येऊन बसले आणि बोलायला लागले.

“तुमी तर जुनं नागपूर पाह्यलं असन. आमचे बाबा सांगत. व्हरायटी चौकात व्हरायटी टॉकीज होती म्हणे. मधातल्या रांगेतल्या खुर्च्यात ढेकणं होते. बाबा सांगत, पँटीतून चावत.”

“नागभीडची छोटी गाडी होती न, नॅरोगेज. चढावर इतकी हळू चाले का पोट्टे उतरून बोरं तोडून परत चढत. बाबा सांगत.”

बोरं तोडताना हाताला काटा कुठे लागला, ते सुद्धा बाबांनी सांगितलं असावं, कारण त्यांनी ते बोट मला दाखवलं. स्वतःचं. वास्तविक ती गाडी २०१९ पर्यंत धावत होती, तिच्यात बसलो म्हटल्यानं कोणी म्हातारा ठरत नाही. पण भाऊंना तेवढाही धोका पत्करायचा नव्हता.

मग विषय क्रिकेटवर आला. ३१ ऑक्टोबर १९८७, सिव्हिल लाइन्सचं व्हीसीए मैदान, न्यूझीलंडची मॅच. चेतन शर्माची वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक, तिघंही बोल्ड. मग गावस्करचे नाबाद १०३, त्याचं वनडेतलं एकुलतं एक शतक. त्या दिवशी आपण मैदानात होतो असं सांगणाऱ्या सगळ्या नागपूरकरांना आत घ्यायचं तर अर्धं सिव्हिल लाइन्स पाडावं लागलं असतं. मी तेव्हा दहावीत होतो आणि घरी टीव्हीसमोर होतो.

“मी होतो न ग्राऊंडवर,” भाऊ म्हणाले.

“अरे वा!”

“बाबाच्या खांद्यावर बसून पाह्यली.”

मी गप्प बसलो. शेडमध्ये एक कूलर चालू होता, त्याचं तोंड पोट्ट्याकडे. त्याची खस नवीन असावी, ओल्या खसचा वास येत होता. लहानपणी आमच्याकडे कूलरमध्ये पाणी भरायची पाळी ठरलेली असायची, आणि पाळी चुकवली की रात्री दोनला पंपाची घरघर आणि आईचा आवाज एकदमच सुरू व्हायचे. पत्र्याला हात लागला की शॉक बसायचा. तो शॉक खाल्ल्याशिवाय उन्हाळा लागला असं वाटायचं नाही. हे मी भाऊंना सांगितलं, आणि तिथे त्यांचा तोल गेला.

“हाव न! मी मॅट्रिकचा अभ्यास कूलरसमोरच केला. अकरावीच्या गणितात तर...”

अकरावी! महाराष्ट्रात दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा १९७५ साली झाली. अकरावीला मॅट्रिक होणारे सगळे त्या सुमारापर्यंतचे. म्हणजे १९८७ साली भाऊ तिशीला टेकलेले होते, आणि बसले होते बाबांच्या खांद्यावर. त्या बाबांना माझा साष्टांग दंडवत.

इतक्यात पोट्ट्यानं मला हाक मारली. प्लेटची भोकं आणि माझ्या मडगार्डची भोकं जुळत नव्हती. मग ड्रिल आणायला गेलेला दुसरा पोट्टा चहा पिऊन आला. फॉर्ममध्ये मॉडेल, इंजिन, चेसिस सगळं भरून घेता, पैसे आधी घेता, मग भोकं कुठं येतील एवढं बघता येत नाही? मी बोललो. मोठ्यानं बोललो. “आजोबा, बीपी वाढन तुमचं,” भाऊ म्हणाले.

शेवटी प्लेट बसली. ती काढता येऊ नये म्हणून लॉक ठोकतात, ते दोन्ही लॉक ठोकून झाले. मग भाऊंची लुना पुढे आली. पोट्ट्यानं त्यांचं आरसी बुक उघडलं.

“भाऊ, रजिस्ट्रेशन १९८३ चं आहे.”

“बाबाची गाडी आहे न.”

“पण मालक म्हणून तर तुमचंच नाव आहे.”

मी सावली सोडून पुढे सरकलो. भाऊंनी गॉगल डोक्यावर चढवला, घाम पुसला. रुमालाला काळं लागलं.

“बाबाचं अन् माहं नाव एकच आहे,” भाऊ म्हणाले.

पोट्ट्यानं मान डोलवली. “बरोबर आहे, भाऊ.” आणि माझ्याकडे वळून, “आजोबा, गाडी जराशी बाजूला घेता का? की मी ढकलू?”